युरेनियम अडवणारे जिवाणू

श्रोतेहो, शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून आपण बांध घालतो. पण जमिनीखालच्या पाण्यातून गुपचूप सरकणाऱ्या विषाला बांध कसा घालायचा? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या रायफल गावाची हकीकत या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

या गावाजवळ, नदीकाठी, व्हॅनेडियम आणि युरेनियम यांचे खनिज दळून धातू काढण्याचा कारखाना होता. १९५८ साली तो बंद पडला. मागे राहिलेल्या चोथ्याचे ढीग पुढे १९९० नंतरच्या वर्षांत उचलून नेले. ढीग गेले खरे. पण त्यांतले युरेनियम आधीच भूजलात उतरले होते.

आता यातली मेख पाहा. प्राणवायूच्या संगतीत युरेनियम पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर प्रवासाला निघते. त्याचे दुसरे एक रूप मात्र सहसा विरघळत नाही. ते मातीतच बसून राहते. काही जिवाणू पहिल्या रूपाचे दुसरे रूप करतात, हे डेरेक लव्हली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले. आपल्याला श्वासाला प्राणवायू लागतो. तो नसेल तिथे जिओबॅक्टर नावाचे जिवाणू लोखंडाच्या गंजावर, आणि युरेनियमवरही, आपले काम भागवतात!

२००२ साली रायफलच्या जमिनीत ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार, सोडण्यात आला. जिवाणू बाहेरून आणले नव्हते बरं का! ते तिथलेच, फक्त उपाशी होते. खाद्य मिळताच ते भराभर वाढले. पन्नास दिवसांच्या आत, तपासणीसाठी खणलेल्या काही विहिरींतले युरेनियम ठरवलेल्या मर्यादेखाली आले.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे गंधकाच्या क्षारांवर जगणारे दुसरे जिवाणू वरचढ झाले, जिओबॅक्टर मागे पडले, आणि पाण्यातले युरेनियम पुन्हा वाढू लागले.

तुम्ही म्हणाल, मग मिळवले काय? एवढे कळले की, जिवाणू किरणोत्सर्ग नाहीसा करीत नाहीत. त्याची वाट तेवढी अडवतात. युरेनियमचा मुख्य प्रकार निम्मा व्हायलाच सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात. तोवर प्राणवायू पोचला की बसलेले युरेनियम पुन्हा उठून चालू लागते.

गुरुजनहो, वर्गात जंतू म्हणजे रोग एवढेच शिकवू नका. हे राखणदार जंतूही सांगा. आणि सोबत हेही सांगा, की राखणदाराला रोज भाकरी द्यावी लागते. त्यापेक्षा विष पाण्यात उतरू न देणे केव्हाही स्वस्त.