जुन्या गाडीचे हेडलाइट मंद झालेत? नवा बल्ब घेण्याआधी हे वाचा

हिंगोलीहून कळमनुरी, वारंगा फाटा करत नांदेडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ दिवसा सोपा वाटतो. पण हंगामात रात्री निघालात, तर उसाची नाहीतर हळदीची ट्रॉली कधी समोर येईल सांगता येत नाही. त्यात तिला मागे ना दिवा, ना रेडियम.

आता जरा गणित करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला ५५ ते ६० मीटर लागतात. मंद हेडलाइटमुळे ट्रॉली ४० मीटरवर दिसली, तर ब्रेक कितीही चांगले असून उपयोग नाही.

म्हणूनच घरची गाडी दहा-बारा वर्षांची झाली असेल, तर हेडलाइटकडे एकदा नीट बघायला हवं.

उजेड कमी का होतो?

कारणं मुख्यतः चार आहेत.

१. काच पिवळी पडणं : आपण जिला काच म्हणतो, ती बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. त्यावरचा संरक्षक थर उन्हाने झिजतो आणि प्लास्टिक धुरकट होतं. मराठवाड्याच्या उन्हात गाडी रोज उघड्यावर उभी असेल, तर हे लवकर होतं.

२. बल्ब थकणं : हॅलोजन बल्ब उडण्याआधी बराच काळ मंद होत जातो. रोजच्या वापरात ते लक्षात येत नाही.

३. वायरिंग : गंजलेलं अर्थिंग किंवा सैल कनेक्टर असेल, तर बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. व्होल्टेज फक्त १० टक्के कमी झालं, तरी हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो.

४. रिफ्लेक्टर : आत पाणी शिरून मागची चकाकी उडाली असेल, तर दुरुस्ती टिकत नाही. अख्खं युनिटच बदलावं लागतं.

आधी काच साफ करा

टूथपेस्टने काच चकाचक करणारे रील्स तुम्हीही पाहिले असतील. टूथपेस्ट थोडं घासते, त्यामुळे फरक दिसतो, पण वर नवा संरक्षक थर बसत नाही, म्हणून पिवळेपणा परत येतो. डास पळवणारा स्प्रे तर वापरूच नका. त्यातली काही रसायनं प्लास्टिकच विरघळवतात.

योग्य पद्धत अशी : काच धुवा, आजूबाजूच्या रंगावर चिकटपट्टी लावा. मग पाणी मारत १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवा. शेवटी पॉलिश करून यूव्ही कोटिंग लावा. हा शेवटचा थर टाळला, तर सगळी मेहनत वाया जाते.

बल्ब बदलताना

जुन्या अल्टो, वॅगनआरसारख्या अनेक गाड्यांत एच-४ बल्ब असतो : १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल किंवा जुना बल्ब बघूनच नवा घ्या.

लाइट बंद करा, बल्ब थंड होऊ द्या. बॉनेट उघडून मागचा कनेक्टर ओढा, रबरी टोपी काढा, तारेची क्लिप सोडवा आणि बल्ब बाहेर घ्या. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर उडतो. चुकून हात लागलाच, तर स्पिरिटने पुसा. बल्बचे तीन कान खाचेत नीट बसले की क्लिप लावा. रबरी टोपी विसरलात, तर पावसाळ्यात आत पाणी जाईल. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला.

एलईडी किंवा १०० वॅटचा बल्ब टाकू का?

१०० वॅटचा बल्ब ८ अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढतो. जुनी वायर आणि होल्डर त्यासाठी बनलेले नसतात, त्यामुळे ते वितळू शकतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बसवला, तर उजेडाचा फोकस बिघडू शकतो. तुम्हाला पांढरा झगमगाट दिसतो, पण समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते.

कायद्याचा मुद्दाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार गाडीत परवानगी नसलेला बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटी फोकस तपासा

सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असावं. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर असेल, तर लो बीमची वरची कड त्या रेषेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. डावीकडे ती थोडी वर चढलेली दिसेल. तो दोष नाही, रस्त्याची कड दिसावी म्हणून ती रचना असते. फरक असल्यास युनिटमागचा स्क्रू फिरवून जुळवता येतो.

एवढं करूनही उजेड मंदच असेल, तर इलेक्ट्रिशियनकडे जा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचं आणि बल्बच्या होल्डरवरचं व्होल्टेज मोजायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर खर्च बल्बवर नाही, वायरिंग आणि अर्थिंगवर करा.

आणि गाडी १५ वर्षांची होत आली असेल, तर हे काम आत्ताच उरकून घ्या. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत गाडीची तपासणी होते, त्यात हेडलाइटही बघितले जातात.