जुना युनिक्स सर्व्हर 'हँग' झालाय? रीस्टार्टआधी हे तपासा

ताथवड्यात कॉम्प्युटर शिकून चाकणच्या एखाद्या कारखान्यात लागलात आणि तिथली स्टॉकची नोंद अजून जुन्या युनिक्स सर्व्हरवर होत असेल, तर पुटी उघडल्यावर गंमत सुरू होते. बॅकस्पेस दाबलं की अक्षर खोडलं जात नाही, '^?' उमटतं. चौकटीच्या रेघांजागी भलतीच अक्षरं दिसतात. बहुतेक वेळा सर्व्हर बिघडलेला नसतो.

पूर्वी सर्व्हरला स्क्रीन-कीबोर्डचं वेगळं यंत्र जोडलेलं असे, म्हणजेच टर्मिनल. डेक कंपनीचं 1978 सालचं व्हीटी100 त्यातलं सर्वांत गाजलेलं. पुटी अशाच यंत्राची नक्कल करतं, पण सर्व्हरला स्वतःचं नाव 'एक्सटर्म' सांगतं. जुन्या सर्व्हरच्या यादीत ते नाव नसलं की स्क्रीनचा गोंधळ उडतो. 'टर्म' या व्हेरिएबलमध्ये व्हीटी100 भरा. बॅकस्पेससाठी पुटीच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये कंट्रोल-एच निवडा. रेघा तरीही बिघडलेल्याच असतील तर ट्रान्सलेशनमध्ये यूटीएफ-8 ऐवजी सर्व्हरवरचा जुना कोड लावून बघा.

खरा धोका वेगळाच आहे. फाइल सेव्ह करायच्या सवयीने आपण कंट्रोल-एस दाबतो आणि स्क्रीन गोठते. टर्मिनलच्या भाषेत त्याचा अर्थ 'थांब' असा होतो! अशा वेळी सर्व्हर रीस्टार्ट केला, तर त्यावर काम करणाऱ्या बाकीच्यांच्या अर्धवट नोंदीही जातात. आधी कंट्रोल-क्यू दाबा. अडलेला मजकूर एका दमात पुढे सरकतो.