पाच पानांची प्रतवारी

राजा मोठा की राणी मोठी, याचे उत्तर पत्ते खेळणारे लहान मूलही देते. परंतु एका रंगाची पाच पाने श्रेष्ठ की क्रमाने येणारी पाच पाने श्रेष्ठ, असे विचारले तर उत्तरासाठी गणिताकडे जावे लागते. आणि गणिताच्या आधी इतिहासाकडे.

पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या परिसरात उदयास आला. त्या वेळी तो वीसच पानांनी खेळत. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, एवढ्यांचीच प्रत्येकी चार पाने. जुगार सोडून त्याविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या जोनाथन ग्रीनने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या खेळाचे वर्णन आहे. एक जोडी, दोन जोड्या, एकाच मोलाची तीन पाने, तीन आणि दोन यांचा संयोग, आणि शेवटी एकाच मोलाची चार पाने, अशी तेव्हाची चढती श्रेणी होती.

ही श्रेणी गणिताने ठरविली होती काय? तसे दिसत नाही. वीस पानांतून पाच पानांचे १५,५०४ हात संभवतात. त्यांपैकी एक जोडी असलेले ७,६८०, तर जोडीविरहित हात अवघे १,०२४. दुर्मिळतेचा न्याय लावला असता तर जोडीविरहित हात जोडीहून वरचढ ठरला असता. प्रत्यक्षात तो सर्वांत कनिष्ठ होता. माणसाच्या डोळ्याला सारखेपणा आधी दिसतो. मोजदाद मागाहून येते.

पुढे बावन्न पानांचा जोड रूढ झाला आणि चित्र पालटले. आता २५,९८,९६० हात संभवू लागले. एक जोडीचे १०,९८,२४०, दोन जोड्यांचे १,२३,५५२, तीन सारख्या पानांचे ५४,९१२. क्रमाचे १०,२००, एका रंगाचे ५,१०८, तीन-दोनच्या संयोगाचे ३,७४४ आणि चार सारख्यांचे ६२४. जुनी श्रेणी जणू योगायोगानेच गणिताशी जुळली, आणि रंग व क्रम या नव्या हातांना तिच्यात आपापले स्थान मिळाले. क्रमाचे स्थान मात्र वादाविना ठरले नाही. तो मानावा की नाही, यावरही खेळणाऱ्यांत दीर्घकाळ मतभेद होते.

यात एक नैतिक प्रश्नही गुंतला होता. जुन्या खेळात चार एक्के हाती आले की पराभव अशक्य होता. ज्या पानांवर जय निश्चित आहे, त्यांवर दुसऱ्याच्या पैशाची पैज घेणे सभ्य गृहस्थाला शोभत नाही, असा युक्तिवाद पुढे आला. क्रम आणि रंग एकत्र असलेल्या हाताला, म्हणजे ४० दुर्मिळ हातांना, सर्वोच्च स्थान देण्यामागे हाही विचार होता. त्यातील एक्क्यापासून दश्शीपर्यंतचा सर्वश्रेष्ठ हातही चार रंगांत संभवतो. म्हणून त्यालाही निदान बरोबरीची शक्यता उरते.

भारतात दिवाळीत खेळल्या जाणाऱ्या तीन पत्तीत हीच कथा निराळ्या रूपाने आढळते. तीन पानांत क्रमाचे हात ७२० आणि रंगाचे १,०९६. म्हणून तेथे क्रम रंगाला जिंकतो, पोकरच्या नेमके उलट. तेथपर्यंत गणित चालते. परंतु तीन सारख्या पानांचे हात ५२ असून एकाच रंगातील क्रमाचे केवळ ४८ आहेत. तरीही मान मिळतो तो तीन सारख्यांनाच. तीन एक्के हाती आलेल्या खेळाडूस गणिताचा हा आक्षेप कोणी ऐकविलाच, तर तो हसून पैसे ओढून घेईल.