जीपगाडीचें दुसरें आयुष्य

१९४८ सालीं हिंदुस्थानच्या सैन्याला जीपगाड्यांची मोठी निकड भासत होती. काश्मीरांत लढाई चालू होती. डोंगरांतील कच्च्या वाटांवरून शिधा, दारूगोळा आणि जखमी शिपाई यांची ने-आण करावयाची होती, आणि नव्या गाड्यांची वाट पाहत बसण्यास सवड नव्हती. म्हणून जुन्या, परंतु दुरुस्त करून पुन्हा नव्यासारख्या केलेल्या जीपगाड्या विकत घेण्याचें ठरलें. लंडन येथील हिंदुस्थानचे हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत एका परदेशी पेढीशीं सुमारें ८० लक्ष रुपयांचा करार झाला. पुढें मद्रास बंदरांत १५५ गाड्या उतरल्या. सैन्याच्या अधिकाऱ्यांनीं त्या तपासल्या आणि त्या कामाच्या नाहींत असा निर्वाळा दिला.

या व्यवहारावर पुढें कित्येक वर्षें वादळ उठलें. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली, संसदेंत प्रश्नांची सरबत्ती झाली, आणि ३० सप्टेंबर १९५५ रोजीं गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनीं सरकारपुरतें हें प्रकरण मिटल्याचें जाहीर केलें. पैसे कोणीं दिले, कां दिले, तपासणीपूर्वीं कां दिले, याची चर्चा तेव्हां पुष्कळ झाली व ती योग्यच होती. परंतु त्या सर्व गदारोळांत एक साधा प्रश्न मागें पडला. जुनें इंजिन ‘नव्यासारखें’ होतें म्हणजे नेमकें काय होतें? रंगाचा हात फिरवला कीं गाडी नवी दिसते. नवी चालण्यासाठीं काय करावें लागतें? त्याचें उत्तर जीपच्या इंजिनाच्या इतिहासांतच आहे.

जीपचा जन्म मोठ्या घाईंत झाला. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखानदारांना पत्रें धाडलीं. चारही चाकांना इंजिनाचा जोर पोंचेल अशी हलकी टेहळणीची गाडी हवी होती, आणि तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. इतक्या थोड्या मुदतीला तयार होणारे फारसे कोणी निघाले नाहींत. बॅन्टम या लहानशा कारखान्यानें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करवून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं मेरीलँडमधील कँप होलाबर्ड येथें आपली गाडी हजर केली. विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांचे नमुने नोव्हेंबरांत आले. बॅन्टमची गाडी हलकी व चपळ होती. फोर्डनें आपल्या शेतावरच्या ट्रॅक्टरचें इंजिन थोडा फेरफार करून बसविलें होतें. विलीजची गाडी मात्र वजनाला फार जड ठरली. पण तिच्या इंजिनाची ताकद ६० अश्वशक्ति होती, म्हणजे इतर दोघांच्यापेक्षां सुमारें एक-तृतीयांशानें अधिक.

त्या इंजिनाचा पूर्वेतिहास फारसा अभिमानास्पद नव्हता. १९२६ सालच्या व्हिपेट नांवाच्या स्वस्त मोटारीपासून त्याची वंशावळ सुरू होते. पुढें तेंच इंजिन विलीजच्या दुसऱ्या एका मोटारींत ४८ अश्वशक्तीवर चाले. मात्र त्याला फार वेगानें पळविलें कीं थोड्याच वेळांत त्याचीं बेअरिंगें निकामी होत. १९३८ सालीं डेल्मर रूस हा अनुभवी अभियंता विलीजमध्यें आला. पूर्वीं स्टुडबेकर कारखान्याचा मुख्य अभियंता म्हणून त्यानें नांव मिळविलें होतें. नवें इंजिन काढण्याइतका पैसा कारखान्याजवळ नव्हता. तेव्हां त्यानें जुन्यालाच हात घातला. पिस्टन ॲल्युमिनियमचे व हलके केले, बेअरिंगें सुधारलीं, भागाभागांतलें अंतर अधिक काटेकोर ठेवलें, पाणी खेळविण्याची व्यवस्था बदलली. प्रत्येक बदलानंतर इंजिन पुन्हा बांकावर चढवावयाचें, तुटेपर्यंत चालवावयाचें, काय तुटलें तें पाहावयाचें आणि तो भाग पुन्हा करावयाचा, असा त्याचा क्रम होता. अखेर मिनिटाला चार हजारांहून अधिक फेरे घेत शंभर तासांवर अखंड चालेल अशा योग्यतेला तें इंजिन आलें. ‘गो-डेव्हिल’ हें टोपणनांव त्याला मागाहून मिळालें.

सैन्यानें पुढें गाडीच्या वजनाची मर्यादा २,१६० पौंड ठरविली, तेव्हां विलीजपुढें पेंच पडला. हलकें इंजिन घालणें हा सोपा मार्ग होता. रूसनें तो घेतला नाहीं. सबंध गाडी सुटी करून तिचा एकेक भाग तराजूंत घालण्यांत आला. पत्रा पातळ केला, बोल्टांचीं जादा टोकें कापलीं, रंगाच्या थरांचाही हिशेब झाला. इंजिन मात्र तसेंच राहिलें. १९४१ च्या जुलैंत मोठें कंत्राट विलीजला मिळालें. पुढें त्याच आराखड्याबरहुकूम फोर्डनेंही जीपगाड्या केल्या, आणि महायुद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सुमारें ६ लक्ष ४० हजार गाड्या बाहेर पडल्या. फोर्डनें आपल्या बोल्टांवर इंग्रजी ‘एफ’ हें अक्षर कोरलें खरें, परंतु एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या इंजिनांत बिनतक्रार बसे. जीपच्या दुसऱ्या आयुष्याचा पाया या एकाच गोष्टीनें घातला गेला असें म्हटलें तरी चालेल.

इंजिन म्हणावें तर अगदीं साधें. चार नळकांडीं; प्रत्येकाचा व्यास ३.१२५ इंच आणि पिस्टनची धांव ४.३७५ इंच. धांव लांब असल्यामुळें तें कमी वेगांतही चिखलांतून गाडी ओढून काढी. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण साडेसहा पटींहून किंचित् कमीच दाबलें जाई. त्यामुळें हलक्या प्रतीचें पेट्रोलही त्याला चाले. झडपा डोक्यावर नसून नळकांड्यांच्या बाजूला होत्या. या रचनेनें ताकद थोडी कमी मिळते, परंतु वरचें डोकें उचललें कीं पिस्टनचे माथे आणि झडपा एकदम उघड्या पडतात. काजळी खरवडावी, झडपा घांसून पुन्हा घट्ट बसवाव्या, आणि डोकें परत चढवावें. हें काम झाडाखालीं ताडपत्री पसरून होत असे.

अशा इंजिनाचा खरा शत्रु धूळ. कच्च्या रस्त्यावरील धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती हवेबरोबर आंत गेली कीं वंगणतेलांत मिसळते, आणि ज्या तेलानें झीज थांबवावयाची त्याचाच सहाणेवरचा लेप होतो. म्हणून जीपच्या हवेच्या वाटेवर तेलाचें भांडें बसविलें होतें. आंत येणारी हवा त्या तेलावरून वळे आणि धूळ तेथें चिकटून राही. पण तें भांडें वेळचे वेळीं धुवून त्यांत ताजें तेल भरलें नाहीं तर त्याचा उपयोग शून्य. पिस्टनच्या कड्या नळकांड्याच्या ज्या भागावरून फिरतात तो भाग झिजतो, आणि वरच्या बाजूला अधिक झिजतो, कारण तेथें उष्णता व दाब अधिक आणि तेल कमी. पिस्टनच्या सर्वांत वरच्या कडीची धांव जेथें संपते तेथें न झिजलेल्या लोखंडाचा एक कंगोरा उरतो. जाणता मिस्त्री डोकें उघडल्यावर आधीं त्या कंगोऱ्यावरून नख फिरवतो. नख अडलें कीं इंजिनानें किती सोसलें याचा अंदाज त्याला येतो.

ही झीज टाळतां येत नाहीं, पण ती मोजतां येते, आणि मोजली कीं दुरुस्तही करतां येते. नळकांडें यंत्रावर धरून इंचाच्या हजारांश भागांच्या हिशेबानें थोडें मोठें कापावयाचें, त्यांत तितकाच मोठा पिस्टन व नव्या कड्या घालावयाच्या. क्रँकचे झिजलेले गळे घांसून पुन्हा वर्तुळ करावयाचे आणि त्यांना तितकींच जाड बेअरिंगें बसवावयाचीं. ‘नव्यासारखें’ या शब्दाचा अर्थ एवढाच, आणि यापेक्षां कमी कशालाही तो लावतां येत नाहीं.

अमेरिकन सैन्याला हें पक्कें ठाऊक होतें. फेब्रुवारी १९४४ मध्यें निघालेल्या जीपच्या नियमपुस्तिकेंत चालकानें गाडी काढण्यापूर्वीं काय पाहावें, चालवितांना काय पाहावें, थांबल्यावर काय पाहावें आणि मुक्कामाला आल्यावर काय करावें, हें वेगवेगळें सांगितलें आहे. दर १,००० मैलांनीं एक तपासणी, दर ६,००० मैलांनीं दुसरी, अधिक कसून. दुरुस्तीच्याही पांच पायऱ्या होत्या. पहिली खुद्द चालकाची, दुसरी पलटणीच्या मिस्त्र्यांची, आणि शेवटची आघाडीपासून दूर असलेल्या मोठ्या कारखान्याची, जेथें थकलेलें इंजिन संपूर्ण खोलून पुन्हा बांधीत. जें काम ज्या पायरीचें तें तिनेंच करावयाचें. शिपायांना हीं कलमें रुक्ष वाटत, हें ओळखून सैन्यानें चित्रांचा आश्रय घेतला. ‘आर्मी मोटर्स’ या सैन्याच्या मासिकासाठीं विल आइस्नर या चित्रकारानें ‘जो डोप’ नांवाचा एक बावळट शिपाई निर्माण केला. तेल न पाहणें, बोल्ट ढिला ठेवणें असले सगळे प्रमाद जो डोप करी आणि त्यांचीं फळेंही तोच भोगी. उपदेशाच्या दहा पानांपेक्षां ही युक्ति शहाणपणाची होती यांत शंका नाहीं.

नियम कागदावर होते. वाळवंटांत अक्कल लढवावी लागे. जुलै १९४२ मध्यें ब्रिटिशांच्या एस.ए.एस. पथकानें ईजिप्तच्या वाळवंटांत शत्रूच्या विमानतळांवर जीपगाड्यांतून छापे घातले. पाणी थोडें आणि ऊन असह्य. त्यांनीं गाडीच्या तोंडावरील जाळीच्या बहुतेक पट्ट्या कापून टाकल्या, म्हणजे रेडिएटरला वारा मोकळा मिळे. आणि पुढें एक डबा जोडला, ज्यांत रेडिएटरची वाफ जाऊन पुन्हा पाणी होई व तेंच पाणी इंजिनाला परत मिळे.

१९४५ सालीं युद्ध संपलें, आणि जगाच्या कानाकोपऱ्यांत विखुरलेल्या या गाड्या एकाएकीं अनावश्यक झाल्या. फिलिपाइन्समध्यें लोकांनीं त्यांना छत चढविलें, पाठीमागें बांकें टाकलीं आणि त्यांची ‘जीपनी’ ही उतारूंची गाडी केली. अन्यत्र शेतकऱ्यांनीं, ठेकेदारांनीं, दलालांनीं त्या उचलल्या. गाड्या विकल्या गेल्या, पण त्यांच्यामागची ती पांच पायऱ्यांची व्यवस्था कांहीं विकली गेली नाहीं. गाडीचा मैलांचा आंकडा खरा कीं खोटा, तिचें इंजिन खरोखरच खोललें गेलें कीं नुसतें बाहेरून पुसलें, हें कागदावरून कळण्याचा मार्ग राहिला नाहीं. जाड तेल भरलें कीं झिजलेल्या बेअरिंगांचा ठोका दबतो आणि तेलाचा दाबही कांट्यावर चांगला दिसतो. बाजारांतली ही लबाडी जीपपेक्षांही जुनी आहे.

खऱ्याखोट्याची पारख करणें मात्र अवघड नाहीं. प्लग काढून त्या जागीं दाबमापक धरावा आणि इंजिन फिरवावें. चारही नळकांड्यांचा दाब सारखा असेल तर ठीक. एखाद्याचा कमी भरला तर त्यांत थोडें तेल सोडून पुन्हा पाहावें. दाब वाढला तर पिस्टनच्या कड्या किंवा नळकांडें झिजलें आहे. न वाढला तर दोष बहुधा झडपांत आहे. सायलेन्सरांतून निळा धूर येत असेल तर तेल जळत आहे. पांच मिनिटांचें काम. परंतु तें पैसे मोजण्यापूर्वीं करावयाचें असतें.

याच जुन्या गाड्यांचें फ्रान्समध्यें काय झालें हें पाहिलें म्हणजे मद्रासच्या बंदरांतली घटना अधिक स्पष्ट होते. फ्रेंच सैन्याकडेही युद्धांत वापरलेल्या अमेरिकन जीपगाड्याच आल्या होत्या, तितक्याच थकलेल्या. पॅरिसजवळील ला माल्तूर्ने येथें सैन्याचा स्वतःचा कारखाना होता. तेथें त्या संपूर्ण सुट्या केल्या जात, एकेक भाग मोजला जाई, झिजलेला भाग बदलला जाई आणि गाडी पुन्हा जुळविली जाई. पुढें हॉचकिस कारखान्यानें परवाना घेऊन तशाच नव्या गाड्या केल्यावरही जुन्यांची ही पुनर्बांधणी थांबली नाहीं, आणि अशा गाड्या कित्येक दशकें सैन्यांत चालल्या. लोखंड तेंच, आराखडा तोच. फ्रान्समध्यें दुरुस्ती करणारा आणि गाडी वापरणारा एकच होता. हिंदुस्थाननें दुरुस्ती दुसऱ्यावर सोंपविली आणि ती झाली कीं नाहीं याची खात्री करून घेण्याआधींच पैशाची मोठी रक्कम हातावेगळी केली.

मद्रासच्या गाड्यांवरून वाद पेटत असतांनाच, १९४९ च्या सुमारास, मुंबईस माझगांव येथें महिंद्र आणि महिंद्र या कंपनीनें विलीजकडून सुटे भाग आणवून जीपची जुळणी चालविली होती. पुढें ‘हरिकेन’ नांवाचें इंजिन आलें. त्यांत आंत हवा घेणारी झडप डोक्यावर गेली, पण नळकांड्याचा व्यास व पिस्टनची धांव तीच राहिली. अमेरिकेंत १९६८ सालीं बंद पडलेली जीपची ती जात हिंदुस्थानांत त्यानंतरही कित्येक वर्षें तयार होत राहिली. त्यामुळें झालें असें कीं, जुन्या जीपच्या मालकाला पिस्टन, कड्या व बेअरिंगें यांसाठीं समुद्रापलीकडे पाहावें लागलें नाहीं. नळकांडें कापणारें यंत्र आणि तें चालविणारा हात मिळाला म्हणजे पुरे. अशा गाडीचें डोकें उघडलें कीं पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेला आंकडा पुष्कळदां दिसतो: ०.०२०, ०.०३०, ०.०४० इंच. मिस्त्री फडक्यानें काजळी पुसतो, तो आंकडा वाचतो, आणि आतां पुन्हा एकदां कापण्याइतकें लोखंड उरलें आहे कीं नाहीं, तें मालकाला सांगतो.