संस्थानी हुकूमनाम्यांची सीमा

फरीदकोट संस्थानचा माजी खजिनदार गुरुदयालसिंग १८७४ मध्ये नोकरी सोडून संस्थानाबाहेर गेला. १८७९ मध्ये तेथील न्यायालयाने, तो हजर नसताना, त्याच्यावर सुमारे ७६ हजार रुपयांचे दोन हुकूमनामे केले. त्यांच्या आधारे ब्रिटिश पंजाबात दावे झाले, आणि वाद अखेर प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८९४ मध्ये लॉर्ड सेल्बोर्न यांनी निर्णय दिला, तो असा : जो मनुष्य न्यायालयाच्या मुलखात राहत नाही व ज्याने त्याचा अधिकार मानलेला नाही, त्याच्यावरील पैशाचा एकतर्फी हुकूमनामा मुलखाबाहेर केवळ शून्य होय. नोकरी संस्थानात झाली, एवढ्यावरून हा अधिकार उत्पन्न होत नाही.

ब्रिटिश हिंदच्या कायद्याने शेजारचे संस्थानही परकीयच मानले होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ ने परकीय न्यायनिर्णय सामान्यतः निर्णायक ठरविला; अधिकाराचा अभाव, लबाडी, नैसर्गिक न्यायाचा भंग इत्यादी अपवाद मात्र राखले. काही संस्थानांच्या हुकूमनाम्यांची सरळ दरखास्त करण्याची सोय कलम ४४ मध्ये होती. परंतु तिने मूळचा अधिकाराचा दोष धुऊन निघत नसे.

संस्थाने विलीन झाल्यावर खरी कसोटी लागली. ग्वाल्हेरचे सरदार मालोजी नरसिंगराव शितोळे यांना १९४८ मध्ये तेथील न्यायालयाकडून उत्तर प्रदेशातील प्रतिवादींविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा मिळाला होता. त्याची दरखास्त अलाहाबादेस आली तेव्हा देश एक झाला होता, संविधानही आले होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने १९६२ मध्ये ती नाकारली. हुकूमनामा झाला त्या दिवशी ते न्यायालय परकीय होते; पुढील राजकीय स्थित्यंतराने मृत हुकूमनामा सजीव होत नाही. शितोळ्यांच्या दृष्टीने हा निकाल कठोर खराच, पण प्रतिवादींची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही : परकीय म्हणून ज्या न्यायालयाकडे त्यांनी पाठ फिरविली, तेच नंतर त्यांच्यावर लादले गेले असते.

गोव्याचे प्रकरण याच्या उलट बाजूचे आहे. पोर्तुगीज अंमल असताना मुंबई उच्च न्यायालयाने गोव्याच्या रहिवाशांवर हुकूमनामा केला. मात्र ते मुंबईत हजर होऊन लढले होते. १९६६ मध्ये संहिता गोव्यास लागू झाली, आणि १९७६ मध्ये नार्वेकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो गोव्यात बजावता येतो असे ठरविले.