झेंड्याच्या खांबावर चढलेला उडीपटू आणि आपले फडेप्पा चौगुले

पीटर ओ'कॉनर हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड शहरात वकिलाच्या ऑफिसात कारकुनी करणारा माणूस. 5 ऑगस्ट 1901 ला डब्लिनमध्ये त्याने लांब उडी मारली 24 फूट पावणेबारा इंच. पंचवीस फुटांना पाव इंच कमी! मीटरमध्ये 7.61. हा जागतिक विक्रम वीस वर्षं टिकला आणि आयर्लंडचा राष्ट्रीय विक्रम म्हणून तर थेट 1990 पर्यंत. आपल्याकडे आजही जिल्हा पातळीवर कुणी एवढी उडी मारली तर मी पहिल्या पानासाठी भांडेन.

पण मला सांगायचंय ते 1906 चं. ओ'कॉनर, उंच उडीवाला कॉन लेही आणि धावपटू जॉन डेली हे तिघे अथेन्सच्या स्पर्धेला गेले. हिरवे कोट, हिरव्या टोप्या, सोबत सोनेरी वीणेचा हिरवा झेंडा. तिथे पोचल्यावर कळलं की यादीत आपली नावं ब्रिटनखाली आहेत. कारण साधं होतं. नाव पाठवायचं ते देशाच्या ऑलिम्पिक समितीने, आणि आयर्लंडची समितीच नव्हती. उड्या होत्या, कागद नव्हता.

लांब उडीत पंच कोण, तर अमेरिकन संघाचाच व्यवस्थापक. ओ'कॉनरच्या उड्या फाऊल ठरत गेल्या, त्याने तक्रार केली, ती फेटाळली गेली. सोनं अमेरिकेच्या मायर प्रिन्स्टिनला, याला रौप्य. वर सन्मानाला ब्रिटनचा झेंडा. तेव्हा हा तिशीतला गृहस्थ वीसेक फुटांच्या खांबावर सरसर चढला आणि वर जाऊन आपला हिरवा झेंडा फडकवला. खाली कॉन लेही राखण करत उभा! नंतर तिहेरी उडीत ओ'कॉनरने सोनं घेतलं, लेहीला रौप्य. गंमत म्हणजे ऑलिम्पिक समिती आज 1906 च्या त्या स्पर्धेला अधिकृत ऑलिम्पिक मानतच नाही.

तुम्ही म्हणाल, आयर्लंडचं आम्हाला काय? जरा थांबा. टिळकांनी 1916 मध्ये होमरूल लीग काढली. 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडच्या चळवळीतून आलेला, आणि लीग स्थापन झाली ती बेळगावात. त्याच बेळगावचे फडेप्पा चौगुले. आपल्याकडे ऑलिम्पिकची गोष्ट 1952 ला खाशाबा जाधवांपासून सुरू होते, त्यामुळे चौगुले कुणाच्या ध्यानात राहत नाहीत.

1919 ला पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा झाल्या, अध्यक्ष दोराबजी टाटा. मैदान लहान, गवतावर रोलरही फिरवलेला नाही. 100 यार्डांची शर्यत चक्क वळणावरून घ्यायची ठरली होती. नियमांची गंधवार्ता नाही. धावायचं म्हणजे धावायचं, एवढंच माहीत! धावणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, अनवाणी. मॅरेथॉनच्या नावाने सुमारे 25 मैलांची शर्यत होती, तीही खडीच्या रस्त्यावरून. त्यांच्या वेळा बघून टाटांना वाटलं, ही पोरं युरोपात उभी राहू शकतील.

आता टाटांनी काय केलं ते बघा. नुसती पाठ थोपटली नाही. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांना गाठलं, समिती जमवली, पैसे उभे केले, स्वतःच्या खिशातले घातले आणि आंतरराष्ट्रीय समितीकडून भारताच्या नावाने प्रवेश मिळवला. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला संघ गेला. त्यात चौगुले होते, दातार होते, कैकिणी होते, नवले आणि रणधीर शिंदे हे पैलवान होते. शिंदे कुस्तीत चौथे आले. 22 ऑगस्टला, टिळक जाऊन तीन आठवडे झाले होते तेव्हा, चौगुले पावणेत्रेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन धावले. 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद, एकोणिसावा नंबर. पहिला आलेला फिनलंडचा कोलेमाइनेन त्यांच्यापुढे सुमारे अठरा मिनिटं.

राज्य इंग्रजांचंच होतं, तरी चौगुलेंच्या नावापुढे 'भारत' लागलं. आयर्लंडला तेच भाग्य 1924 च्या पॅरिसला मिळालं, स्वतंत्र झाल्यावर. म्हणजे गुलाम देशाचं नाव चार वर्षं आधी यादीत चढलं, ते खटपट करणारा माणूस होता म्हणून. माझ्या मते पदकांच्या हिशेबात टाटांची ही खटपट कुठेच मोजली जात नाही, हा आपल्या क्रीडा इतिहासलेखनाचा दोष आहे.

हे आज लिहितोय त्याला कारण आहे. वीसेक वर्षं मी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धांच्या बातम्या देतोय. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत ओहोटीच्या वाळूवर पहाटे भरतीची पोरं पळताना दिसतात, कित्येक अनवाणी. पायात ताकद आहे. पण एकाच खेळाच्या दोन-दोन संघटना, दोघींची वेगळी प्रमाणपत्रं, आणि सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी पडताळणीला गेल्यावर कळतं की आपलं प्रमाणपत्र चालत नाही. तोवर पोराचं वय निघून गेलेलं असतं.

स्पर्धांचा हंगाम येतोय. पालकांनो, प्रवेश फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: संघटनेला मान्यता कुणाची आहे, आणि हे प्रमाणपत्र पडताळणीत चालेल का. उत्तर लेखी मागा. देत नसतील तर मला कळवा, मी जाऊन विचारतो.