सावित्रीच्या मुखाशी

पुण्याला समुद्र नाही. असे असूनही, किंवा म्हणूनच, पुणेकराला समुद्राची ओढ मोठी. दोन सुट्या जोडून आल्या की ताम्हिणी घाटात गाड्यांची रांग लागते. पौड, मुळशी, माणगाव करीत लोक दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर गाठतात. काही भोरवरून वरंधा घाटाने महाडला उतरतात. ज्यांना मुरूड-काशीद हवे ते खोपोली-पेणमार्गे अलिबागच्या अंगाने जातात. वाळूत पोरे खेळतात, संध्याकाळी मासे किंवा उकडीचे मोदक होतात, सोमवारी माणसे कामावर रुजू होतात. विद्यार्थ्यांच्या सहलींबरोबर मीही या किनाऱ्यांवर बऱ्याच वेळा गेलो आहे. सहल ही इतिहासाबाहेरची गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. हा समज तपासून पाहावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पुण्याच्या मध्यमवर्गाला हरिहरेश्वर-श्रीवर्धनचे वेड का, हे उघड आहे. हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत आणि श्रीवर्धन हे त्यांचे मूळ गाव. बाळाजी विश्वनाथ भट इथूनच घाटावर गेला, १७१३ साली पेशवा झाला, आणि पुढे १८१८ पर्यंत ही सत्ता पुण्यातून चालली. म्हणजे पुणेकर इथे नुसती हवा खायला येत नाही, आपल्या इतिहासाच्या उगमाशी येतो. श्रीवर्धनला तो बाळाजी विश्वनाथाचे स्मारक पाहतो, हरिहरेश्वरला ओहोटीची वेळ साधून खडकांवरून प्रदक्षिणा घालतो, जमले तर पितरांचे श्राद्धही उरकतो. त्याची सुटीही अशी धर्माच्या आणि सत्तेच्या आठवणींनी भरलेली असते. त्याच पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके आणि पाऊलखुणा पुसायला कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या १९३६ सालच्या भाषणात नोंदवून ठेवले आहे. ती आठवण कोणी हरिहरेश्वरच्या वाळूत काढीत नाही. काढावी अशी अपेक्षा त्यांच्याकडून करण्यात अर्थही नाही. प्रश्न आपला आहे. त्याच वाळूत उभे राहून आपल्याला काय दिसते?

हरिहरेश्वरला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की सावित्री नदीचे मुख दिसते. पलीकडे बाणकोट, म्हणजे मंडणगड तालुका. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर बाणकोट इंग्रजांच्या हाती गेले आणि या खाडीकाठच्या मुलखातून महार तरुण कंपनीच्या पलटणीत भरती होऊ लागले. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढूळचे, तेही लष्करातले. पलटणीने या माणसांना अक्षरे दिली, पेन्शन दिली, आणि गावकीच्या बाहेर जग आहे हे दाखवले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची भरतीच बंद केली, तेव्हा अर्ज लिहिणारी पहिली पिढी याच पेन्शनरांतून उभी राहिली.

या मुखातून खाडीने आत गेले की दासगाव लागते आणि दासगावाच्या पुढे पाच मैलांवर महाड. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे दोनशे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ नावाच्या बोटीने निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दासगाव बंदरावर उतरले आणि तिथे वाट पाहत असलेल्या हजारो सत्याग्रहींसह पायी महाडला गेले. मुंबईहून महाडला जायची सोपी वाट धरमतरची होती. धरमतरपर्यंत बोट आणि पुढे मोटार. ती सोडून हा लांबचा जलमार्ग का घेतला? कारण धरमतरचे मोटारमालक अस्पृश्यांना गाडीत घेणार नाहीत अशी भीती होती. रस्ता सार्वजनिक होता, पण त्यावरून धावणारी मोटार सवर्णाची होती. समुद्र तेवढा मोकळा होता. म्हणून चवदार तळ्याच्या दुसऱ्या लढाईला माणसे समुद्रावरून आली, आणि येताना हरिहरेश्वर डाव्या हाताला ठेवून आली. मुंबईहून येणाऱ्या बोटीला सावित्रीत शिरायचे तर दुसरी वाट नाही. पेशव्यांच्या कुलदैवतासमोरून मनुस्मृती जाळायला निघालेली बोट गेली, हे दृश्य माझ्या मनातून जात नाही.

महाडची कथा वाचकांना ठाऊक आहे. तरी पाण्याविषयीचे दोनतीन तपशील इथे सांगितले पाहिजेत. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे तळे खुले केले, पण कागदावर. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला आलेल्या माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत आणावे लागले. गावात तळे भरलेले आणि त्याच गावात पाणी विकत! २० मार्चला तळ्यावर मोर्चा गेला, पाणी प्यायले गेले, आणि नंतर जेवत असलेल्या, गावाकडे परतायला निघालेल्या माणसांची डोकी फुटली. सवर्णांनी तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करून घेतले. डिसेंबरात दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आला. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवावा लागला आणि दावा दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

बोले ठरावाच्या यादीत समुद्रकिनारा नाही. त्याची गरजही कोणाला वाटली नसेल. खाऱ्या पाण्याला विटाळ नसतो. पिता येत नाही, अडवता येत नाही, कोणाच्या नावावर करता येत नाही, अशा पाण्याला पावित्र्य चिकटवून कोणाचा फायदा? विटाळाचे शास्त्र हे मुळात मालकीचे शास्त्र आहे, याला एवढा स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही. विहीर बाटते, तळे बाटते, हौद बाटतो. म्हणून तर महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा पुणे हादरले. समुद्र बाटत नाही. उलट समुद्रच ब्राह्मणाला बाटवतो! समुद्रगमन कलिवर्ज्य होते. ते केलेल्यांना प्रायश्चित्त घ्यायला लावणाऱ्या पुण्याने १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतल्याबद्दल रानड्यांपासून टिळकांपर्यंत सर्वांना धर्मपीठापुढे खेचले. आमच्या माणसांना समुद्र ओलांडायला कोणाची परवानगी लागली नाही. १९१३ साली एक महार तरुण बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेला आणि त्या प्रवासाचे प्रायश्चित्त पुढे मनुस्मृतीला घ्यावे लागले.

पण समुद्र मोकळा म्हणून किनाराही मोकळा होता असे कोणी समजू नये. कोकणचा किनारा खोतांचा, सावकारांचा आणि मिठागरवाल्यांचा होता. अलिबागच्या वाटेवर चरी हे गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ पासून तिथल्या आगरी कुळांनी जमीन कसायचे नाकारले. पंचवीस गावांत पसरलेला तो संप १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. महार आणि आगरी एका मोर्चात चालले तो काळ हा. पुण्याहून अलिबागला जाणाऱ्या किती गाड्यांत हे नाव उच्चारले जाते? उर्मिला पवार यांनी ‘आयदान’मध्ये डोंगर तुडवीत रत्नागिरीच्या बाजाराला ओझी नेणाऱ्या बायका लिहिल्या आहेत. समुद्राजवळ राहूनही त्यांच्या वाट्याला समुद्राची हवा आली नाही, चढउतार आला.

हवा खाणे हीसुद्धा फुकटची गोष्ट नव्हती. पुण्यात समुद्र नाही म्हणून हवा खायला पर्वती. त्या टेकडीवरच्या देवळासाठी १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांनी सत्याग्रह सुरू केला, तेव्हा दगड पडले. त्याकडे आपण देवळाचा लढा म्हणून पाहतो, आणि तो तसा होताच. पण रोज संध्याकाळी सहकुटुंब फिरायला जाण्याची जी जागा, तिचा माथा आपल्याला बंद होता, हेही त्यात होते.

आता मुंबईच्या वाळूकडे येऊ. तिथे दोन चिता पेटल्या. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि पुण्याच्या या पुढाऱ्याचे दहन नेहमीच्या स्मशानात न होता गिरगाव चौपाटीवर झाले. तिथे त्यांचा पुतळा आहे. दुसरी चिता ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर. बाबासाहेबांनी १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षेचा समारंभ करायचे ठरवले होते. तो त्यांच्या चितेसमोर झाला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी दीक्षा दिली आणि प्रचंड समुदायाने शोक करता करता धर्म बदलला. गिरगावची वाळू पुतळ्याभोवती पुन्हा भेळेची झाली. दादरची वाळू तशी झाली नाही. १९७१ साली तिथे चैत्यभूमीची वास्तू उभी राहिली, आणि दर ६ डिसेंबरला महाराष्ट्रातला सर्वांत मोठा ग्रंथबाजार शेजारच्या शिवाजी पार्कवर भरतो.

पुण्याच्या ताडीवाला रोडवरून, मंगळवार पेठेतून, बोपोडी-येरवड्यातून त्या रात्री गाड्या भरून माणसे जातात, बहुतेक उभ्याने. माझ्या आईने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो असाच, दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडल्यावर. “एवढं पाणी, अन् कुणाचंच न्हाई व्हय?” असे ती म्हणाली. विदर्भ-मराठवाड्यातल्या लाखो बायांचे समुद्राशी नाते असे एका मृत्यूतून जुळले आहे. जगात कोणत्या समाजाची समुद्राशी ओळख अशी झाली असेल? या गर्दीने दादरला घाण होते अशी कुरकूर करणाऱ्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत मी पडत नाही. गणपती विसर्जनानंतरची चौपाटी त्यांनी पाहिलेलीच आहे.

मला वाद घालायचा आहे तो आपल्याच कार्यकर्त्यांशी. सहल, पर्यटन हे पोट भरलेल्यांचे चाळे आहेत, आपल्या पोरांनी तेवढ्या वेळात अभ्यासवर्ग घ्यावेत, असे म्हणणारे मित्र आहेत. त्यांच्या तळमळीचा मला आदर आहे. पण चवदार तळ्यावर माणसे केवळ तहान लागली म्हणून गेली नव्हती. ते पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नाही, इतरांसारखीच आम्हीही माणसे आहोत हे ठरवायला आलो आहोत, अशा आशयाचे बाबासाहेब बोलले होते. मग माणूस म्हणजे काय? काम नसताना पाण्याच्या काठी जाऊन बसणारा प्राणी माणसाखेरीज दुसरा नाही. मोर्चाला आणि अभिवादनालाच समुद्रावर जाणारा समाज अजून पुरता मोकळा झालेला नाही, असे मला वाटते. २०२२ साली दादर चौपाटीवर समुद्र पाहण्यासाठी माता रमाबाई आंबेडकरांच्या नावाची स्मृती दर्शिका झाली. मला तिच्यात औचित्य दिसते. ज्या बाईला मुंबईत राहून संध्याकाळचा मोकळा वेळ क्वचितच मिळाला असेल, तिच्या नावाने लोक नुसते उभे राहून लाटा बघतात.

पुण्याच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थी संघटनांनी सहल काढायची तर ती अशी काढावी: भोर, वरंधा घाट, महाड. तळ्यावर आणि क्रांतिभूमीवर दोन तास. मग दासगाव, तिथे बंदराच्या बाजूने खाडी पाहावी. मुक्काम हरिहरेश्वर किंवा श्रीवर्धन, आणि पोरांना पाण्यात मनसोक्त डुंबू द्यावे, भाषण करू नये. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेश्वी, तिथून मंडणगड, आंबडवे. ज्या पाण्यावरून ‘पद्मावती’ गेली ते पाणी फेरीतून आपोआप ओलांडले जाते. वरंधा घाट पावसाळ्यात पुष्कळदा बंद असतो, म्हणून दिवाळीनंतरचा बेत बरा. २५ डिसेंबरला नाताळची सुटीही असते.